चौथे अंथरूण

अकोल्यातील किंवा अमरावतीतील एखाद्या जुन्या मोहल्ल्यात नळ येण्याचा दिवस हा घरातला मोठा प्रसंग असतो. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते, अमरावतीला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे. पण ते रोज येईलच असे नाही, आणि उन्हाळ्यात दोन पाळ्यांमधले अंतर वाढत जाते. त्यामुळे न्हाणीघरात ड्रम, गुंड, बादल्या यांची दाटी होते. मग नळ येतो, आणि आपल्यापैकी पुष्कळ घरांत पहिले काम कोणते होते? कालपर्यंत जपून वापरलेले पाणी ‘शिळे झाले’ म्हणून मोरीत ओतून दिले जाते आणि त्याच ड्रममध्ये नवे भरले जाते.

वाचकहो, या कृतीकडे आपण दीनच्या नजरेने कधी पाहिले आहे काय? शरीअतच्या दृष्टीने पाणी केवळ राहिल्याने शिळे होत नाही. घाण मिसळून त्याचा रंग, चव किंवा वास बदलला नसेल, तर चार दिवस साठवलेले पाणी पहिल्या दिवसाइतकेच पाक असते. त्याने वुजू होतो, गुसलही होतो. आपण ओतून देतो ते नापाक पाणी नसते. ते फक्त आपल्याला नकोसे झालेले असते, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

कोणी म्हणेल, आरोग्याचे काय? प्रश्न रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासणे आवश्यकच आहे. पण रिकामा करणे आणि फेकून देणे एक नव्हे. तळाशी उरलेले पाणी संडासात, फरशीला, अंगणातल्या झाडाला जाऊ शकते. रात्री भांडी झाकून ठेवा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्या न्हाणीघरातील किती ड्रमांवर झाकण आहे, हे आज रात्रीच पाहून घ्यावे.

आता वुजूकडे येऊ. ह. अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुसल करीत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आतबाहेर. चार मुद्दांचा एक साअ. अर्थात लोटाभर पाण्यात वुजू आणि एका लहान बादलीत गुसल. आपण मात्र नळ सोडून बाही वर सारतो, सलामाला उत्तर देतो, मुलाला हाक मारतो आणि मग हात धुऊ लागतो. काहींना वसवसा सतावतो: कोपर भिजले की नाही, पुन्हा एकदा, आणखी एकदा. तीनदा धुणे ही सुन्नत आहे. चौथ्यांदा धुण्याने पाकी वाढत नाही, तिथून अपव्ययच सुरू होतो. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूत अपव्यय करू नये, अशी एक रिवायत इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीबाबत मुहद्दिसांनी आक्षेप घेतले आहेत, तरी आशय कुरआनच्या अपव्ययविरोधी शिकवणीशी जुळणारा आहे. शिवाय आपण कोणत्या नदीकाठी बसलो आहोत? पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहीर खोदली तरी पाणी खारट लागते.

परंतु खरा प्रश्न मापाचा नाही, हक्काचा आहे. ‘पाणी माझ्या घरचे, पट्टी मी भरतो’ असे म्हणणाऱ्याने त्याच घरातील सुनेचा विचार करावा. फजरला उठलेले घरातले मोठे लोक ड्रम अर्ध्यावर आणतात. नंतर तिच्यावर गुसल फर्ज होते, आणि ‘मला दोन बादल्या पाणी हवे’ हे चारचौघांत म्हणण्याचा तिला संकोच वाटतो. न्हाणीघराच्या दाराला कडी नसेल तर संकोच दुप्पट. पाणीच नसेल तर तयम्मुमची सवलत अल्लाहने दिली आहे, ही त्याची कृपा. पण दुसऱ्याच्या उधळपट्टीमुळे जिला तयम्मुमची पाळी आली, तिच्या त्या मातीचा हिशेब कोणाच्या खात्यात लिहिला जाईल? नफिल नमाजासाठी वुजू ताजा करण्यात सवाब आहे, यात शंका नाही. तो दुसऱ्याच्या फर्जाच्या पाण्यातून मिळवता येतो काय, हे मात्र स्वतःला विचारले पाहिजे. म्हणून माझ्या मते न्हाणीघराची व्यवस्था एका झाकलेल्या बादलीपासून सुरू व्हावी. ती गुसलसाठी राखीव असावी आणि तिला कोणी कारण विचारू नये. दाराला मजबूत कडी आणि आत कोरडे कपडे टांगायला उंच खुंटी, हेही त्याच हक्काचे भाग आहेत.

न्हाणीतून बाहेर येऊन कपाट उघडले की तोच प्रश्न दुसऱ्या रूपाने भेटतो. सहीह मुस्लिममध्ये ह. जाबिर (रजि.) यांची हदीस आहे. तिचा आशय असा की एक अंथरूण पुरुषासाठी, एक त्याच्या पत्नीसाठी, तिसरे पाहुण्यासाठी आणि चौथे शैतानासाठी. घरात सहा मुले असतील तर त्यांनी कुठे झोपावे, असा उथळ प्रश्न इथे विचारू नये. भाष्यकारांनी स्पष्ट केले आहे की गरजेपलीकडे, मिरवण्यासाठी बाळगलेले ते चौथे.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. आपल्याकडे गाद्या, उशा, रजयांना तोटा नाही; पिंजाऱ्याकडून जुनी रुई पिंजून घेतली की गादी पुन्हा नवी होते. तरीही लोखंडी पेटीत लग्नात आलेल्या चादरी प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून असतात आणि बाजूच्या खोलीत वृद्ध आई विरलेल्या गोधडीवर झोपते. विचारले तर उत्तर मिळते, ‘त्या पाहुण्यांसाठी आहेत.’ पाहुणा येतो तेव्हा मात्र पेटी उघडत नाही, कारण पाहुणा ‘तेवढा मोठा’ नसतो. याचाच अर्थ, ज्याला आपण तिसरे अंथरूण म्हणत आलो ते चौथेच होते. प्रेषितांचे (स.) अंथरूण चामड्याचे होते, त्यात खजुराच्या झाडाचा काथ्या भरलेला होता, हे ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. त्यांच्या दारी आलेला पाहुणा मात्र परत गेला नाही.

पेटी आवरताना जानमाज आणि पाक चादरी वरच्या खणात, लेकरांची दुपटी आणि संशयित कपडे वेगळ्या टोपलीत, ही शिस्त गृहिणींना सांगण्याची गरज नाही. त्या ती आपल्यापेक्षा चांगली जाणतात. फक्त घडी घालताना प्रत्येक चादरीला विचारावे, तू शेवटची कोणाच्या अंगाखाली होतीस? दिवाळी सरली की रात्री गार होऊ लागतात आणि बसस्थानकाच्या फलाटावर माणसे पोते अंगावर घेऊन झोपलेली दिसतात. डांबराच्या गोळ्या दोनदा विरून गेल्या तरी ज्या रजईची घडी मोडली नाही, ती त्या आठवड्यात पेटीबाहेर काढता येईल. आईची गोधडी बदलायला तर थंडीचीही वाट पाहावी लागत नाही.