घाईचा सल्ला

विषय क्षुल्लक वाटेल, याची प्रस्तुत लेखकाला जाणीव आहे. एक फोन चार्ज होत नव्हता, एवढीच मूळ घटना. परंतु तिच्यापाठोपाठ जो प्रश्न मनात उभा राहिला तो काही केल्या बाजूला सरेना, म्हणून हे लिहावयास घेतले.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात प्रथम माझाच फोन अडून बसला. सोलापूरचा एप्रिल ज्याने सोसला आहे त्याला अधिक सांगणे नलगे. दुपारी पारा चाळिशी ओलांडून जातो, पंख्याचा वारासुद्धा भट्टीतून यावा तसा येतो. फोन प्लगला लावावा, क्षणभर खूण उमटावी आणि पुन्हा जैसे थे. मी त्या फोनसाठी दोन संध्याकाळी खर्च केल्या. आधी भिंतीतल्या त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहिला. दिवा लागला, म्हणजे वीज होती. मग शेजारच्या तरुणाची केबल मागून आणली, कारण केबल ही या साखळीतील सर्वांत दुबळी कडी. ती टोकाजवळ रोज वाकते आणि आतली तार वरून न दिसता तुटते. मग अ‍ॅडॉप्टर बदलला. फोन बंद करून पुन्हा सुरू केला. बॅटरी पार रिकामी झालेली असेल तर पडद्यावर खूण दिसायलाही पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात, असे कळल्यावर तेवढा वेळ घड्याळ पाहत बसलो. फोनच्या तोंडात टॉर्चचा उजेड टाकून पाहिले. या टाइप-सी तोंडाच्या आत मधोमध एक पातळ जीभ असते आणि एकूण २४ संपर्कबिंदू असतात. तिथे टाचणी किंवा सुई घातली तर दुरुस्ती राहते बाजूला, नवीनच दुखणे जडते.

तोंड स्वच्छ होते. शेवटी नवी पेठेतल्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाने हसत विचारले, "फादर, चार्जिंगला लावता कुठं?" खिडकीच्या कठड्यावर, जाड कव्हरासकट. तेच कारण होते. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना तिचे तापमान साधारणपणे शून्य ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान असावे लागते. ते त्यापलीकडे गेले की आतला उष्णतामापक सूचना देतो आणि फोन स्वतःच प्रवाह घेणे थांबवतो. फोन बिघडला नव्हता, तो स्वतःला जपत होता. कव्हर काढून तो पहाटेच्या गारव्यात लावू लागलो, तक्रार मिटली. एक पैसा खर्च झाला नाही.

या शोधाचा मला थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो. जेवणाच्या टेबलावर दोघा-तिघांना ही कथा मी सविस्तर ऐकवली. आधी स्वस्त आणि सोपी शक्यता तपासावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ज्याच्यावर पहिला संशय येतो त्यालाच दोषी धरू नये. हा क्रम मला जणू तर्कशास्त्राच्या वर्गाची उजळणी वाटला. फक्त एक इशारा त्या मुलाने गंभीरपणे दिला होता: फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र प्रयोग करत बसायचे नाही, चार्जर काढायचा आणि थेट दुकानात यायचे.

त्यानंतर ऑक्टोबर उजाडला. चर्चच्या मागच्या वस्तीत एक बाई राहतात, माझ्याच वयाच्या. मातृभाषा तेलुगू, मराठी सोलापूरची. आयुष्यभर विड्या वळल्या. नवरा यंत्रमागावर, आता दमा. सगळी वस्ती त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणतो. रविवारची मिस्सा संपून मी पुढच्या गावाच्या मिस्सेसाठी निघण्याच्या घाईत होतो. गाडी फाटकाशी उभी होती. अक्का पदरात फोन गुंडाळून आल्या. "फादर, ह्यो चार्जच होईना की ओ. काल सकाळधरनं मेलाय."

त्यांच्या काळजीचे कारण साधे होते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये २०२४ च्या जुलैपासून मिळू लागले होते. २०२५ च्या सप्टेंबरात त्यासाठी ई-केवायसी बंधनकारक झाली आणि मुदत ठरली. त्यात बाईच्या आधारचा ओटीपी लागे, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. घरात फोन एकच. दोन्ही ओटीपी त्याच एका फोनवर यायचे होते.

मी फोन हातात घेतला, उलटा-सुलटा केला. जुना, कोपऱ्यावर तडा गेलेला, जुन्या धाटणीच्या निमुळत्या तोंडाचा. आणि म्हणालो, "अक्का, याच्यात आता राम नाही उरला. नवीन घ्या. दिवाळीत हप्त्यावर मिळतात." गाडीत बसलो आणि गेलो. तीस सेकंदही लागली नसतील.

अक्कांनी फोन घेतला. साडेनऊ हजारांचा, दहा हप्त्यांचा. तीन आठवड्यांनी त्यांच्या भाचीच्या हातात तोच तडा गेलेला जुना फोन उजळलेला दिसला, तेव्हा मी सहज विचारले. ती म्हणाली, दुकानात मोडीत द्यायला नेला, तर दुकानदाराने लाकडी दातकोरणीने तोंडातून एक गोळी बाहेर काढली. तंबाखूची भुकटी आणि दोऱ्याचे तूस दाबून-दाबून नमद्यासारखे झालेले. विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात कापलेली तेंदूची पाने, तंबाखू, दोऱ्याची गुंडी आणि तिथेच फोन. केबलचे टोक त्या गोळीवर आपटून थांबत होते, आतपर्यंत पोहोचतच नव्हते. गोळी काढल्याबरोबर फोन चार्ज होऊ लागला. दुकानदाराने पैसेही घेतले नाहीत.

आता प्रश्न असा, की या प्रकरणात माझ्याकडून अपराध घडला की केवळ चूक?

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या अभ्यासात अज्ञानाचे दोन प्रकार शिकवले जात. एक, जे प्रयत्नांनीही दूर होण्याजोगे नसते. त्यापोटी घडलेल्या गोष्टीचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे, जे थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते. ते दोषमुक्त करीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी अधिक नेमके केले आहे: जे जाणून घेण्यास मनुष्य बांधील आहे, ते निष्काळजीपणाने न जाणणे हा दोष. मग धर्मगुरू फोनच्या तोंडाविषयी जाणण्यास बांधील आहे काय? नाही. इथे मला पहिला दिलासा मिळाला, आणि तो मी दोन दिवस जपून ठेवला.

मग क्लिफर्डची आठवण झाली. विल्यम किंगडन क्लिफर्ड हा इंग्रज गणितज्ञ धर्माचा मित्र नव्हे. आमच्याकडे त्याचे नाव बहुधा खंडनासाठीच घेतले जाई. १८७७ साली त्याने विश्वासाच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने आहे, डागडुजीला आले आहे, याची शंका त्याला आलेली असते. पण खर्च टाळण्यासाठी तो मनाची समजूत घालतो, परमेश्वरावर भरवसा टाकतो आणि देशांतर करणारी कुटुंबे चढवून जहाज हाकारतो. जहाज बुडते, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचे म्हणणे असे की, त्याचा विश्वास कितीही प्रामाणिक असो, समोरच्या पुराव्यावर तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता. हा शेवटचा भाग मला नेहमीच कठोर पण खरा वाटत आला आहे. माझा सल्ला योगायोगाने बरोबर निघाला असता, तरी तो तीस सेकंदांचाच सल्ला राहिला असता.

परंतु जहाजमालकाचे उदाहरण मला पुरते लागू पडेना. त्याने शंका दाबली. मला शंका आलीच नाही. त्याला लाभ होता. मला काहीच नव्हता. आणि अज्ञानाचे म्हणाल तर, इथेच माझा दिलासा संपला. मी अज्ञानी नव्हतोच. सहा महिन्यांपूर्वी याच तक्रारीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. सॉकेट, केबल, अ‍ॅडॉप्टर, तोंड, उष्णता, सगळा क्रम मला पाठ होता. लोकांना ऐकवून झाला होता. अक्कांचा फोन हातात असताना त्यातले एक अक्षर मला आठवले नाही. खिशात टॉर्च होता, माझ्याच फोनचा.

का आठवले नाही? घाई होती, हे खरे. पण ते उत्तर पुरेसे नाही. माझा फोन अडला तेव्हा "यात काय बिघडले असेल?" हा प्रश्न मला पडला. अक्कांचा अडला तेव्हा प्रश्नच पडला नाही, थेट निकाल दिला. फोन जुना, तडा गेलेला, गरिबाच्या पदरातला; त्याचा निकाल त्याच्या रूपावरूनच लागून गेला. गरिबाच्या घरातल्या बंद पडलेल्या वस्तूला कारण असू शकते, ती शोधून पाहण्याच्या लायकीची असते, हे मी त्या क्षणी गृहीत धरले नाही. ज्याला साडेनऊ हजारांसाठी रोज सूप घेऊन बसावे लागत नाही, त्याच्या तोंडून "नवीन घ्या" हे शब्द किती सहज निघतात!

अर्थात हे शब्द आज सगळीकडेच सहज निघतात, हेही नोंदवले पाहिजे. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, सुटे भाग दुर्मिळ, आणि नवा फोन हप्त्यावर दारात. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून नव्या फोनना एकच टाइप-सी तोंड सक्तीचे केले. २०२५ च्या जूनपासून तिथे विक्रीस येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता टिकवणारी असावी, सुटे भाग विक्री बंद झाल्यावरही सात वर्षे मिळावेत, असे नियम लागू झाले. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. ठीक आहे. ज्या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले, तिच्यातल्या कोबाल्टचा निम्म्याहून अधिक भाग काँगोच्या खाणींतून निघतो, आणि तिथे हाताने खणणारी माणसे अक्कांहून सुखी नाहीत. पण हे सारे माझ्या मदतीला घेणे म्हणजे वैयक्तिक हिशेब जगाच्या खात्यावर टाकणे होईल. त्या रविवारी काँगो किंवा युरोप माझ्या आड आले नव्हते.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिला. माणसाने प्रत्येक शब्द तपासूनच बोलायचे ठरवले तर बोलणेच अशक्य होईल. खरे आहे. पण सर्वांचा शब्द सारख्या वजनाचा नसतो. शेजारणीने "टाकून दे" म्हटले असते तर अक्कांनी आणखी दोघांना विचारले असते. मी म्हटल्यावर त्यांनी कुणालाच विचारले नाही. "फादर म्हणाले," एवढेच त्यांनी घरी सांगितले, असे भाचीकडून कळले. "मला ठाऊक नाही, दुकानात दाखवा," हे म्हणायला तीस सेकंदसुद्धा लागली नसती. त्याने माझा मानही कमी झाला नसता. उलट उत्तर देण्याची आम्हाला इतकी सवय जडलेली असते की, न विचारलेल्या विषयातही आम्ही देऊन मोकळे होतो.

दुसऱ्याच्या नुकसानीस कोण कोण जबाबदार धरावे, याची एक जुनी नऊ कलमी यादी अक्वायनस यांनी परतफेडीच्या विवेचनात दिली आहे. तिच्यात आज्ञा देणाऱ्यापाठोपाठ दुसरे स्थान सल्ला देणाऱ्याला आहे. ती यादी मूळची चोरी-लुबाडणुकीसंबंधी. इथे कुणी कुणाला लुबाडले नव्हते, दुकानदाराने रास्त किमतीला रास्त माल दिला होता. तेव्हा न्यायाच्या काटेकोर अर्थाने माझ्यावर परतफेड बंधनकारक होते की नाही, याविषयी दोन मते होऊ शकतील. माझे स्वतःचे मत असे झाले की, बंधनकारक नसेल तरीही हप्त्यांचे ओझे एकट्या अक्कांनी वाहणे बरोबर नाही. मी पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो.

अक्का उंबऱ्याशी सूप घेऊन बसल्या होत्या. मी सगळे सांगितले, एप्रिलमधल्या माझ्या फोनचेही. त्या विडी वळता वळता ऐकत होत्या, हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "असू द्या फादर. तुम्ही काय मुद्दाम केलंत व्हय? आन् भाचीला कॉलेजला फोन लागतच होता." पाकीट त्यांनी घेतले नाही. मी फारच आग्रह धरला तेव्हा किंचित रागावल्या. "हप्ता माझा मी भरते. तुम्ही बसा, ती केवायसी तेवढी करून द्या. तिघांनी बघितलं, कुणाला होईना."

मी बसलो. पहिल्या दोन वेळा संकेतस्थळच उघडले नाही. तिसऱ्या वेळी अक्कांचा ओटीपी आला, पण नवऱ्याचा यायच्या आत वेळ संपली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला मी घड्याळाकडे पाहिले नाही. दिवेलागणीच्या सुमारास पडद्यावर यशस्वी झाल्याचा संदेश उमटला. अक्कांनी नवा फोन पदराने पुसला, सुपाबाहेर, भिंतीतल्या देवळीत ठेवला. सुपाच्या विणीत एक दातकोरणी खोचलेली होती.