हसण्याजोगा गुन्हा

गुन्हा करून हसावे की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर उघड आहे असे समजले जाते. परंतु गुन्ह्याचा खेळ मांडून हसावे की नाही, हा प्रश्न तितका उघड नाही. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो आपल्या घरांत येऊन ठाण मांडून बसला आहे. मी ज्या खेळांविषयी म्हणतो आहे ते व्हिडिओ गेम वाचकांपैकी पुष्कळांनी मुलांच्या खांद्यावरून पाहिले असतील. त्यांत खेळणाऱ्याला एक सबंध शहर दिलेले असते. रस्ते, दुकाने, पूल, पोलीस, पादचारी, सर्व काही आहे; नाही ते एवढेच की, अमुकच करावे अशी सक्ती. मोटार चोरावी, दुसऱ्याला ठोकरावी, पोलिसांना हुलकावणी द्यावी, आणि हे सारे करताना हसावे, अशी त्याची योजना असते.

या घराण्याचा मूळपुरुष ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’. १९९७ साली स्कॉटलंडमधील डंडी गावच्या एका संस्थेने तो काढला. २००२ साली त्याचा ‘व्हाइस सिटी’ हा भाग आला आणि तो पुढे आपल्याकडच्या सायबर कॅफेंत इतका रुळला की, माझ्या वयाच्या अनेकांनी संगणकाचा पहिला उपयोग मोटारी पळविण्यासाठीच केला असेल. २००६ साली अमेरिकेत त्याचा एक धाकटा भाऊ जन्मला, ‘सेंट्स रो’. प्रथम तो थोरल्याची नक्कलच करीत होता. २००८ साली थोरल्याने युद्धातून आलेल्या एका थकलेल्या परदेशस्थाची कथा सांगून गंभीर वळण घेतले, तेव्हा धाकट्याने नेमकी उलट वाट धरली. त्याच्या दुसऱ्या भागात धावत्या गाड्यांपुढे अंग झोकून विम्याचे पैसे लाटण्याची एक स्वतंत्र स्पर्धाच आहे! गटाराची गाडी घेऊन श्रीमंतांच्या बंगल्यांवर मैल्याचे फवारे उडविण्याची दुसरी. पुढे चौथ्या भागात, २०१३ साली, गुंडांचा म्होरक्या अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो आणि परग्रहावरील शत्रूंशी लढतो. इतका विचित्रपणा करणाऱ्याला कोणी गुन्हेगार म्हणून गंभीरपणे शिव्याही देऊ शकत नाही, हीच त्याची सोय.

आमचे भनपुरी रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांचे लोखंड वाहणारे ट्रक येथून रात्रंदिवस जातात, आणि संध्याकाळी पाळी सुटली की सायकलींची रांग त्यांच्या कडेने जीव मुठीत धरून चालू लागते. अशा ठिकाणी बदलीवर आलेल्या अविवाहित तरुणांना करमणूक ती काय असणार? शनिवारी रात्री एकाच्या खोलीत चौघे जमतात आणि खेळ सुरू होतो. त्यांची मते मी अनेकदा ऐकली आहेत. त्यांच्याशी वादही घातला आहे. त्यांचा मुख्य सिद्धान्त दोन शब्दांचा आहे: “खेळच तो.” ठोकरलेला पादचारी मरत नाही, कारण तो कधी जगलाच नव्हता. याउलट आमच्यातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, हात जे करतो ते मन शिकते, आणि हे संस्कार उद्या कोठे तरी उगवतील.

मला या दोन्ही मतांनी समाधान होत नाही. वडीलधाऱ्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असते, तर सायबर कॅफेतून बाहेर पडलेल्या माझ्या पिढीने देशातील सर्व मोटारी एव्हाना पळविल्या असत्या. शासनानेही या बाबतीत फारसा प्रकाश पाडलेला नाही. २०२० साली केंद्र सरकारने ‘पबजी’ बंद केला तो देशाच्या सुरक्षिततेच्या आणि माहितीच्या चोरीच्या कारणासाठी. २०२५ साली ऑनलाइन खेळांचा कायदा झाला तो मुख्यतः पैसे लावून खेळण्याविरुद्ध. दोन्हींची कारणे समजण्यासारखी आहेत, पण हसण्याचा प्रश्न कोणत्याही फायलीवर आलेला नाही. ऑस्ट्रेलियाने २०१३ साली ‘सेंट्स रो’च्या चौथ्या भागाला प्रथम परवानगी नाकारली होती. तिथेही आक्षेप होता तो मादक द्रव्याने शक्ती मिळते असे दाखविण्याला आणि लैंगिक अत्याचार सुचविणाऱ्या एका शस्त्राला. माणसे चिरडून हसण्याला नव्हे.

“खेळच तो” या सिद्धान्ताचा खरा पराभव खेळाडूंनी स्वतःच केलेला आहे, आणि तो मला फार उद्‌बोधक वाटतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘सेंट्स रो’ नव्याने काढण्यात आला. या वेळी नायक मंडळी कशी? चार सुशिक्षित, सुस्वभावी तरुण मित्र. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर, घरभाडे थकलेले, म्हणून ते गुन्हेगारीचा उद्योग थाटतात. एकमेकांना जपतात, प्रेमाने खायला करून घालतात, आणि बाहेर पडून शेकडो माणसांना गोळ्या घालतात. जुने खेळाडू संतापले. खेळात तांत्रिक दोषही बरेच होते, परंतु वारंवार ऐकू आलेली तक्रार ही की, विनोद फसला आणि ही माणसे पटत नाहीत. वर्षभरात, ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, ती संस्थाच बंद पडली. आता विचार करा: जर हा केवळ खेळ असेल आणि मेलेला कोणीही मेलेला नसेल, तर मारणारा सज्जन असला काय आणि दुर्जन असला काय, बिघडले कोठे? पण बिघडले. गुंड गुंडासारखा वागला तर हसू येते. सज्जनाने भाडे भरण्यासाठी तेच केले आणि रात्री निवांत झोपला, तर हसू गळ्यात अडकते. खेळाडू म्हणतो, विनोद वाईट आहे. मला वाटते, तो नीतीचाच निवाडा देत असतो. फक्त त्याला नीती म्हणण्याचा संकोच वाटतो.

आपल्या साहित्यशास्त्रात याचे सूत्र सापडते. अभिनवगुप्ताने हास्याचे मूळ अनौचित्यात पाहिले आहे. अनौचित्य समजण्यासाठी औचित्याची जाण शाबूत असावी लागते. म्हणूनच चोरीवर हसणारा मनुष्य चोरी योग्य मानतो असे ठरत नाही. उलट ती अयोग्य आहे हे ज्याच्या रक्तात भिनलेले नाही त्याला तो विनोद कळणारच नाही. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आठवावा. देवलांच्या संगीत नाटकामुळे तो मराठी माणसाच्या घरचा झालेला आहे. जातीने ब्राह्मण, प्रियेला दास्यातून सोडविण्यासाठी चोर झालेला. भिंतीला भोक पाडताना त्याचा आकार कमळासारखा असावा की कुंभासारखा याचा शास्त्रोक्त विचार करतो, आणि मोजायला दोरी नाही म्हणून जानव्याने माप घेतो! दागिन्यांची पेटी तर झोपेत बरळणारा मैत्रेय आपण होऊन त्याच्या हाती देतो. आपण मनमुराद हसतो. पण शूद्रक तेवढ्यावर थांबत नाही. पहाट होते, आणि ठेव चोरीला गेली म्हणून चारुदत्ताची पत्नी धूता आपली उरलेली एकुलती रत्नमाला काढून देते. तेथे प्रेक्षागृह गप्प होते. चोरीचा विनोद भिंतीपाशी संपला. चोरी मात्र घरात शिल्लक राहिली.

या प्रांतात राहणाऱ्याने दुसरा चोर दूर शोधण्याची गरज नाही. हबीब तन्वीर रायपूरचे. १९२३ साली त्यांचा जन्म येथेच झाला, आणि १९७५ साली छत्तीसगढी नाचाच्या कलावंतांना घेऊन त्यांनी ‘चरणदास चोर’ उभे केले. कथाबीज विजयदान देथांचे, राजस्थानी. बोली, गाणी आणि खोडकरपणा मात्र इथल्या मातीचा. त्याच साली श्याम बेनेगलांनी मुलांसाठी त्यावर चित्रपट केला आणि आपली स्मिता पाटील त्यात प्रथम पडद्यावर आली, हे मराठी वाचकाला सांगायला मला आनंद वाटतो. १९८२ साली या नाटकाने एडिंबरोत मानाचा पुरस्कार मिळविला. चरणदास गुरूपुढे थट्टेथट्टेत शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला हे कोण देणार! गुरू आणखी एक शपथ घालतो, खोटे बोलायचे नाही. मग तो राणीच्या खजिन्यातून पाच मोहरा उचलतो, आणि खजिन्याचाच माणूस आणखी पाच खिशात घालून सर्व दहा चोराच्या नावावर मांडतो. (हिशेबखात्यात काम करणाऱ्या वाचकांना या प्रसंगाला इतरांपेक्षा जरा अधिक हसू येत असावे.) खरे बोलणारा चोर आणि चोरी करणारा कारभारी समोरासमोर उभे राहिले की जे हसू फुटते, ते गुन्ह्याला माफ करणारे हसू नव्हे, गुन्हा नेमका कोणाचा हे बोट दाखवून सांगणारे ते हसू आहे. शेवटी राणी भाळते, चरणदास शपथ मोडीत नाही, आणि मारला जातो. विनोदी नाटकातल्या चोराला खरोखर मरण येते. २००९ च्या जूनमध्ये तन्वीर गेले, आणि त्याच वर्षी सतनामी समाजातील काहींनी आक्षेप घेतल्यावर राज्य शासनाने या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. बंदी मला पटत नाही. परंतु ज्यांच्यावरून आजवर पुष्कळ जण हसत आले, त्यांनी एखाद्या हसण्याकडे संशयाने पाहिले तर त्यांना विनोद कळत नाही असे म्हणणे मला त्याहून कमी पटते.

आता पुन्हा त्या पडद्यावरच्या शहराकडे यावे. ‘सेंट्स रो’च्या पहिल्या भागांत एक अजब सोय आहे. पोलीस पाठीमागे लागले की मोटारीतून न उतरता एका पापनिवेदनगृहात शिरायचे, खिडकीशी पैसे भरायचे, आणि दुसऱ्या बाजूने निर्मळ होऊन बाहेर पडायचे. पोलीस विसरतात, शत्रूही विसरतात. म. म. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रायश्चित्तांचा जो अफाट पसारा मांडला आहे, तो चाळणाऱ्याला या खिडकीची गंमत विशेष कळेल. कृच्छ्र नाही, चांद्रायण नाही. सुटे पैसे असले म्हणजे झाले. ही टवाळी चांगली आहे. तिने धर्माची नव्हे, स्वस्त क्षमेची टर उडविली आहे. पण तिच्यातच या खेळांचे रहस्य आहे असे मला वाटते. त्या शहराला स्मरण नाही. ठोकरलेल्या मनुष्याच्या घरी त्या संध्याकाळी कोणी वाट पाहत नाही. गुन्हा म्हणजे केवळ कृत्य नव्हे. कृत्यानंतर कोणाच्या तरी आयुष्यात जे उरते ते धरून गुन्हा होतो. जेथे काहीच उरत नाही तेथे गुन्ह्याचा अंगरखा आहे, आत गुन्हा नाही. त्या अंगरख्याला हसण्यात मला पाप दिसत नाही. आपल्याकडे पोरे होळीची लाकडे चोरतात तेव्हा शेजारी लटके रागावतो, आणि होळीवर पडलेले लाकूड परत मागत नाही. पण तीच पोरे एखाद्या म्हातारीच्या झोपडीचे दार उखडून नेतील तर सारे गाव उठेल.

या खेळाच्या निर्मात्यांनी एकदा, २००८ च्या त्या दुसऱ्याच भागात, दार उखडले. प्रतिस्पर्धी टोळीच्या म्होरक्याची एक प्रेयसी आहे, जेसिका. खेळाडूचा नायक तिला तिच्याच मोटारीच्या डिकीत कोंडतो आणि ती मोटार अशा मैदानात नेऊन ठेवतो जेथे तो म्होरक्या राक्षसी चाकांच्या गाडीने जुन्या मोटारी चिरडण्याचा खेळ लोकांना दाखवीत असतो. तो हसत हसत, टाळ्यांच्या गजरात, तिच्यावरून गाडी नेतो. काय केले हे त्याला मागाहून कळते. दिवसभरात पाचशे माणसे उडविणाऱ्या खेळाडूंना विचारावे; हा एक मृत्यू ते विसरलेले नाहीत. कोणी म्हणतो ते अतिच झाले, कोणी म्हणतो तेच खरे, कारण आपण कोणाच्या हाती खेळत होतो हे तेव्हा समजले. गटाराच्या फवाऱ्यांविषयी जो उत्साहाने बोलतो तो इथे आवाज खाली आणतो. या एकीला नाव होते, आणि तिच्यासाठी रडणारे कोणी होते. एवढ्याने हसू थांबले. कोणी थांबविले? ना कायद्याने, ना वडिलांनी.

येथे वडीलधाऱ्यांचा मूळ आक्षेप निराळ्या वेशात परत येतो, आणि त्याला मी टाळू इच्छीत नाही. पाचशे निनावी माणसांची सवय झाली तर एका नावाची ओळख बोथट होत नसेल काय? मला वाटते, होऊ शकते. मात्र त्या सवयीसाठी व्हिडिओ गेमची जरुरी नाही. आम्हां लेखणीवाल्यांना ती पगारासहित लागते. आवक क्रमांक पडला की अर्जदाराचा चेहरा जातो. “प्रकरण” प्रलंबित राहते, माणूस नव्हे. विधवेच्या पेन्शनीच्या कागदावर त्रुटी काढून तो परत पाठविताना कोणीही हसत नाही, हे खरे. पण तेवढ्यावरून ते कृत्य त्या शनिवारच्या खेळापेक्षा निष्पाप कसे ठरते, हे मला कोणी समजावून द्यावे. पडद्यावरच्या शहराला स्मरण नाही, हा त्याच्या कर्त्यांचा उघड करार आहे. आमच्या कपाटांत सर्व काही स्मरणात असते, तारीखवार, आणि तरी कोणी आठवीत नाही.

त्या चौघांपैकी एक यवतमाळकडचा आहे. जुना दुसरा भाग त्याने कितीदा खेळला असेल याची गणती नाही; आणि त्या मैदानाच्या प्रसंगाशी आला की तो प्रत्येक वेळी खेळ तेथेच सोडतो व पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सगळा शेवट अजून पाहायचा राहिला आहे, म्हणून इतर तिघे त्याची थट्टा करतात. मी कारण विचारले तेव्हा तो जरा ओशाळला आणि म्हणाला, “तिथून पुढं मजा नाही ना येत, भाऊ.”