घाव मान्य करणारा

मध्ययुगीन चिलखत घालून वेताच्या तलवारींनी झुंजणाऱ्या हौशी माणसांना हसणं सोपं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे १९६६ च्या मे महिन्यात एका घराच्या परसात मध्ययुगीन थाटाची मेजवानी झाली. तिच्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम’ ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या लढतींचा एक नियम आजही बाहेरच्याला चमत्कारिक वाटतो. वार लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच सांगायचं. मैदानावर मार्शल असतात, धोका दिसला की ‘होल्ड’ असं ओरडून लढत थांबवतात. पण वाराचा निवाडा त्यांच्याकडे नसतो. हातावर बसला तर तो हात निकामी समजायचा, मांडीवर बसला तर गुडघ्यांवर येऊन लढायचं, डोक्यावर नीट बसला तर आपणहून पडायचं. याला भाबडेपणा म्हणता येईल. मला मात्र ही या खेळातली सर्वांत व्यवहारी तरतूद वाटते.

इथे स्पर्श पुरत नाही, जोर लागतो. वेत शाळेतल्या छडीसारखा नसतो, किमान सव्वा इंच जाडीचा असतो. प्रत्येकाने कड्यांचं चिलखत घातलं आहे असं गृहीत धरायचं आणि त्याला भेदेल इतका घाव खरा मानायचा. अंगावर प्रत्यक्षात पोलादी पत्रा असला तरी मोजमाप कड्यांचंच. वार ढालीला घासून आला, पात्याची चपटी बाजू लागली की धार, हे दहा फुटांवरच्या माणसाला नक्की कळत नाही. आता एखाद्याने चांगले घाव अंगावरून झटकून टाकले, तर समोरचा पुढचा वार जास्त जोराने घालतो. तोही झटकला, तर त्याहून जोराने. अशा लढवय्याला त्या वर्तुळात गेंडाच म्हणतात. तो एक लढत लबाडीने जिंकतो एवढ्यावर भागत नाही. सगळ्या मैदानाचं माप तो वर चढवतो, आणि ते चढलेलं माप उद्या कुणाच्या तरी बोटांवर उतरतं. मारणाऱ्याने हात राखून मारावा असं वाटत असेल, तर मार खाणाऱ्याने घाव कबूल करायलाच हवा. रागाचा धोकाही इथेच आहे: संतापलेल्याचा वार जड होतो आणि त्याच वेळी त्याचं अंग बधिर होतं.

मग सरळ यंत्र का नको? तलवारबाजीने तो मार्ग धरला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपे प्रकारात विजेवर चालणारी गुणनोंदणी आली. पुढे १९७६ मध्ये माँट्रियलला सोव्हिएत खेळाडू बोरिस ओनिश्चेंको याच्या तलवारीच्या मुठीत लपवलेला खटका सापडला. तो दाबला की समोरच्याला न शिवताही दिवा लागे. यंत्राने बहुतेक वाद मिटवले हे मान्य. पण खोटेपणाला त्याने कातडीवरून मुठीत हलवलं.

गमावण्यासारखं काही नाही म्हणून हा प्रामाणिकपणा परवडतो, असंही म्हणतात. पण या संस्थेच्या ‘राज्यां’चा राजा लढतीतूनच ठरतो, आणि हौशी माणसाला हौसेतल्या मानाइतकं प्रिय दुसरं काही नसतं. क्रिकेटमध्ये १९८० साली वानखेडेवरच्या कसोटीत पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला भारताचा कर्णधार विश्वनाथ याने परत बोलावलं आणि भारत तो सामना हरला. त्याची आठवण आजही निघते, कारण पंच असताना असा मोठेपणा ऐच्छिक असतो. वेताच्या लढतीत तो दर मिनिटाला लागतो आणि कुणी टाळ्या वाजवत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. झुंजीच्या भरात घाव खरोखरच जाणवत नाही, आणि मग माणसाची पत पाहून निवाडा होतो: नामांकित सरदाराने झटकला तर तो हलका असेल, नवख्याने झटकला तर तो लबाड. हे घडतं, आणि त्याला नियमात पुरतं उत्तर नाही. थोडा उतारा मारणाऱ्याच्या हाती असतो. समोरचा पडायला निघाला असताना ‘थांब, चपटी बाजू लागली’ असं सांगून आपलाच विजय परत करण्याची रीत तिथे आहे. ही रीत नवख्याशी लढताना जाणत्यांनी आधी पाळायला हवी. पेनसिल्व्हेनियातल्या पेन्सिक वॉरसारख्या मेळाव्यात मात्र दहा हजारांहून अधिक माणसं जमतात आणि पुरेशा जोराची कल्पना प्रांताप्रांतात बदलते. तिथे अनोळख्यांनी मोठ्या झुंजीआधी एकमेकांशी दोन-चार साध्या लढती खेळून घेणं मला नियमांच्या नव्या कलमापेक्षा उपयोगी वाटतं.