योनाची वेल व आपलें अंगण

(योना, अध्याय 4)



योनावर सावली धरणारी वेल एका रात्रींत वाढली व पहांटे एका किड्यानें तिचा नाश केला. वेल गेली म्हणून योना फार कष्टी झाला. परंतु निनवेच्या एक लाख वीस हजारांहून अधिक जीवांविषयीं त्याच्या मनांत कळवळा नव्हता. झाडाची माया व शेजाऱ्याविषयीं दया ह्या दोन गोष्टींची देवानें तेथें सांगड घातली आहे.

सी. बी. डी. बेलापूर येथें चार्ल्स कोरिया ह्यांनीं 1980 च्या दशकांत आंखलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्यें घरोघर मोकळें अंगण ठेविलें आहे. अशा अंगणांत काय किंवा खेड्यांतील परसांत काय, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, मिरचीवर फुलकिडे व कोंवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. तेव्हां आपण काय करावें?

प्रथम, वेळींच पाहावें. कीड बहुधा पानाच्या पाठीमागें लपते. जो वरूनच पाहतो त्यास ती दिसत नाहीं. आपल्या अंतःकरणांतील पापाचेंही असेंच आहे. पाण्याच्या जोरदार धारेनें कीड धुवावी. फार ग्रासलेली फांदी कापून टाकावी.

दुसरें, धीर धरावा. पावसाच्या आरंभीं गळणाऱ्या निंबोळ्या वेंचून वाळवाव्या. त्यांचा 50 ग्रॅम भरडा फडक्यांत बांधून एक लिटर पाण्यांत रात्रभर ठेवावा. सकाळीं पिळून गाळावा व थोडें साबणाचें पाणी घालावें. आधीं दोन पानांवर परीक्षा करावी, कारण साबण अधिक झाल्यास पानें करपतात. उन्हानें ह्या अर्काचें सत्त्व जातें, म्हणून त्याच संध्याकाळीं तो पानांच्या खालून शिंपडावा. कीड तत्काळ मरत नाहीं. तिचें खाणें मंदावतें व कात टाकणें बिघडतें. आठ दिवसांनीं पुन्हा फवारावें. ह्याच कडुनिंबाच्या तेलाच्या एका उपयोगावर 1994 सालीं युरोपांत परक्यांस पेटंट मिळालें होतें. ही विद्या पूर्वींचीच आहे असें ठरून तें 2000 सालीं रद्द झालें व 2005 सालीं तो निर्णय कायम झाला. आपल्या दारचें दान आपण तुच्छ मानूं नये.

तिसरें, दया सोडूं नये. घरगुती तें सर्व निरुपद्रवी, असें समजूं नका. तंबाखूचा काढा किड्यास मारतो, पण त्यांतील निकोटिन मनुष्यासही विष आहे व तें कातडीवाटे अंगांत शिरतें. लेंकरें जेथें खेळतात तेथें तो नको. उमललेल्या फुलांवर कांहींच फवारूं नये, कारण तेथें मधमाशी येते. ठिपक्यांचा ढालकिडा मावा खातो. त्यास शत्रु समजून मारूं नये.

तर बंधूंनो, एक जास्वंद वांचविण्यासाठीं शेजारच्या मुलास व मुक्या जीवांस अपाय केला, तर आपण योनाहून बरे कसे? आपण वेलीची निगा राखावी. परंतु भोंवतालच्या नगराविषयींचा कळवळा त्याहून मोठा असावा.