पाच रुपयांचा पुडा

पाच रुपयांचा बिस्किटपुडा कित्येक वर्षं पाच रुपयांनाच मिळतो आहे. वरचं चित्र तेच, रंगही तोच. घटत गेलं ते आतलं वजन. नवं वजन पाकिटाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं असतं, म्हणून कायद्याच्या दृष्टीने सगळं रीतसर.

मला हा व्यवहार सचोटीचा वाटत नाही. भाव वाढवला की तो गिऱ्हाइकाला लगेच जाणवतो. दोन बिस्किटं कमी केली तर जाणवत नाही, आणि नेमकं म्हणूनच ती कमी केली जातात. गहू, साखर, तेल महागतं, हे खरंच आहे. मग तसं उघड सांगून रुपया जास्त मागावा की! यात सर्वाधिक नाडला जातो तो रोजच्या मजुरीतून रोजचा छोटा पुडा नेणारा माणूस. त्याला मोठं पाकीट परवडतच नाही.

आता अशा पाकिटांवर दर ग्रॅममागची किंमतही छापावी लागते. आज वाण्याकडे गेलात तर एमआरपीजवळ तो आकडा शोधा, लहान-मोठे पुडे ताडून पाहा. आणि मुलं सोबत असतील तर त्यांनाही तो वाचायला शिकवा.