बंद करवतीचं पुण्य

वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाला पाप लागत नाही, अशी माझी आजवरची समजूत होती. पंखा दुरुस्त केला की वारा येतो, इस्त्री दुरुस्त केली की कपड्यांची घडी बसते (एकदा सतरंजीही जळाली, पण तो वेगळा विषय). यात नीतीचा प्रश्न येतो कुठे? पण शेजारच्या बापूंनी आपली यांत्रिक करवत माझ्या पडवीत आणून ठेवली आणि उतारवयात मला नीतिशास्त्राच्या बिगरीत जाऊन बसावं लागलं.

करवत तशी पुण्यवान. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्या दापोलीकडच्या वाड्यांतून आंबे, माड, पोफळी सगळं आडवं झालं होतं. रस्ता कुठे होता ते आठवून सांगावं लागे. हिने पंधरा दिवस राबून वाटा मोकळ्या केल्या. पुढे कोणा उत्साही माणसाने हिच्यात नुसतं पेट्रोल ओतलं. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात वंगणाचा साठा नसतो. लिटरभर पेट्रोलात वीस-पंचवीस मिलिलिटर तेल मिसळून द्यायचं, तेच त्याचं वंगण. ते मिळालं नाही की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला मिठी मारून बसतो. तसा तो बसला होता.

मी ती खोलली. धुराड्याच्या बाजूला पिस्टनवर मांजराने ओरबाडल्यासारखे उभे चरे होते. सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम पॉलिश पेपरने घासून काढायला चार दुपारी गेल्या. क्लचने मात्र दोन दिवस दाद दिली नाही. मी सगळा जोर लावून त्याला सोडवत होतो आणि तो अधिकच आवळत होता. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, हे कळेपर्यंत माझा खांदा सुटायची वेळ आली. शिवाय तो फिरवताना आतला पिस्टन हलू नये म्हणून प्लगच्या भोकातून दोरी सोडून सिलिंडर भरावा लागतो. दोरी शोधायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी लेंगा घालताना, ‘‘नाडी कुठे गेली?’’ हा प्रश्न मीच मोठ्याने विचारला, आणि सौभाग्यवतींनी नुसतं करवतीकडे बोट दाखवलं.

नवा पिस्टन आला, रिंगा आल्या. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता, तोही बदलला. या पडद्यामुळेच करवत आडवी धरा, उलटी धरा, पेट्रोल पोचतं; स्कूटरसारखा तरंगता गोळा असता तर पहिल्याच फांदीला बंद पडली असती. मी हे कौतुकाने सांगत होतो आणि बापू चहा पीत ऐकत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, ‘‘बरं झालं बाबा. पावसाआधी तो फणस पाडून टाकू.’’

फणस बापूंचा, पण त्याची सावली माझी. दुपारभर ती माझ्या पडवीत असते. सगळं इंजिन मी त्याच सावलीत बसून खोललं होतं.

‘‘बापू, परवानगी लागते,’’ मी म्हटलं. 1964 सालचा कायदा आहे, त्यात फणसाचं नाव आहे.

‘‘मिळाली,’’ बापू म्हणाले. ‘‘घरावर कललाय रे तो. त्या वादळापासून वारा सुटला की मला झोप नाही.’’

आता तुम्हीच सांगा. डॉक्टर दरोडेखोराचंही ऑपरेशन करतो, त्याने पुढे काय करावं हे विचारत नाही, असं मी मनाला समजावलं. मन म्हणालं, पण दरोडेखोर उद्या कुठे जाणार हे त्या डॉक्टरला ठाऊक नसतं. बरं, झाडाची बाजू घ्यावी, तर ती बाजू कितपत झाडाची आणि कितपत माझ्या वामकुक्षीची? फणस बापूंच्या पडवीत सावली देत असता आणि माझ्या कौलांवर कलला असता, तर मी नाडी शोधायलाही थांबलो नसतो.

शेवटी मी खोटं बोललो. ‘‘एक सुटा भाग यायचाय,’’ म्हटलं. तीन आठवडे तो भाग येत होता. बापू रोज विचारत आणि मी रोज मुंबईच्या पार्सलांना दोष देत असे. करवत जोडून तयार होती. तेल मोजून मिसळलेलं होतं. प्लग तेवढा माझ्या खिशात होता.

पण ज्याने स्वतःच्या हाताने इंजिन जोडलंय त्यालाच ठाऊक, ते चालतं की नाही हे न बघता झोपणं म्हणजे काय असतं ते. बापूंना वारा झोपू देईना, मला ते इंजिन. काल सकाळी सगळे बाजारात गेलेले पाहून मी प्लग बसवला. म्हटलं, एकदाच, अगदी हळू. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणारं यंत्र हळू चालू करता येत नाही, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. दोरीची पहिली ओढ वाया गेली, दुसरीला ते खोकलं आणि तिसरीला असं गरजलं की फणसावरचे कावळे उडाले. वाडीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की धुराचं, ते बघायला वेळ नव्हता.

इंजिन बंद केलं, तेव्हा गडग्यापलीकडे बापू उभे होते. बाजारात गेलेच नव्हते. रात्री वारा होता, म्हणून सकाळी पडून राहिले होते.

‘‘आला वाटतं भाग,’’ ते म्हणाले. मी खाली बघितलं. त्यांनी गडग्यावरून वाकून टाकीकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, ‘‘तेल घातलंस ना रे पेट्रोलात?’’