सोडून दिलेला मासा

सातवीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू होता. विषय होता प्राण्यांच्या श्वसनाचा. कल्ल्यांचे चित्र फळ्यावर काढून मी मुलांकडे वळलो, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि विचारता झाला, "सर, मच्छी पकड के वापस छोड दिए तो सवाब मिलता क्या?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "बाद में बताता" म्हणून वेळ मारून नेली. त्याला काही महिने झाले. आज ते उत्तर शोधायला बसलो आहे.

मुलाचा प्रश्न हवेतला नव्हता. गांधीबागेच्या कापडबाजारातून थोडे चालत गेले की जुम्मा तलाव लागतो. कागदोपत्री तो गांधीसागर, कुणी त्याला शुक्रवारी तलावही म्हणतात. गोंड राजा चांदसुलतान याने अठराव्या शतकात शहराच्या पाण्यासाठी तो बांधून घेतला. 1877 साली जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल याच तलावाजवळ सुरू झाली. आज मिल नाही आणि तलावाचे पाणीही कुणी पीत नाही, पण काठावर गरी टाकून बसणारी मुले मात्र सुटलेली नाहीत. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. बांबूची काडी, नायलॉनची दोरी, मोरपिसाच्या दांडीचा बोया आणि कणकेचा गोळा एवढ्यावर काम भागते. मिळालेला मासा बोटाएवढा असला तर मुले तो परत पाण्यात टाकतात. त्यातूनच हा सवाबाचा हिशेब निघालेला असणार.

मुलांना दोष द्यायला मी मोकळा नाही. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या नादाने मी स्वतः हा छंद धरला. घडीची काठी घेतली, चरखी घेतली, दोरा किती किलो वजन पेलतो ते वाचायला शिकलो. रविवारी सकाळी फजरची नमाज आटोपून शहराबाहेरच्या तलावांवर जाऊ लागलो. पाण्याकडे बघत गप्प बसण्यात एक सुकून असतो, हे मी नाकारणार नाही. आठवडाभर साठ मुलांच्या गलक्यात राहणाऱ्या माणसाला तो फार लागतो. खाण्यासाठी मासा बाजारात मिळतोच, म्हणून आम्ही पकडत असू, फोटो काढत असू आणि सोडून देत असू. आपण कुणाचे काही घेत नाही, असा माझा समज होता.

पहिला धक्का एका वयस्क ढिवराने दिला. "गुरुजी, हा मासा कोणाचा आहे माहीत आहे का?" त्याने विचारले. मला वाटले, तलावाचा. तो म्हणाला, "आमच्या संस्थेचा. बीज आम्ही टाकलं." मग त्याने समजावून सांगितले ते मला बी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात भेटले नव्हते. रोहू, कतला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. त्यामुळे तलावात दरवर्षी मत्स्यबीज आणून सोडावे लागते. पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करीत. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात कार्प माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून हौदात अंडी घालायला लावली, तेव्हापासून हे बीज पैदास केंद्रांत तयार होऊ लागले. पुढे जिऱ्याएवढे ते मत्स्यजिरे, आणि बोटाएवढी वाढली की बोटुकली. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेते, बोटुकली विकत आणते, सोडते, राखते आणि वाढल्यावर जाळे टाकते. म्हणजे माझ्या गळाला लागणारी रोहू रानातले पाखरू नव्हती, कुणाच्या तरी कर्जाचा हप्ता होती. गळाने फाटलेल्या तोंडाची मासळी मी परत सोडत होतो आणि वर आपण कुणाचे काही घेत नाही असे म्हणत होतो.

दुसरा धक्का जास्त खोल गेला. तो कुणी दिला नाही, मीच ओढवून घेतला.

रोहूच्या भानगडीत नको म्हणून आम्ही मरळीकडे वळलो. मरळ आपल्याकडची, बीज न टाकताही वाढणारी आणि शिकारी. अमेरिकेत मस्की नावाचा असाच एक दांडगा शिकारी मासा आहे. तिथली सरकारी खाती तो तलावांत मुद्दाम सोडतात. दहा हजारदा गळ फेकावा तेव्हा एकदा लागतो अशी त्याची ख्याती आहे, आणि लागला की बहुतेक शौकीन त्याला सोडून देतात. आम्हाला मरळीत तीच मजा दिसली. पावसाळ्याच्या सुरुवातीला काठाजवळ पाण्यावर लालसर ठिपक्यांचा एक पुंजका हलताना दिसला. मित्र म्हणाला, "तिथेच टाक." मी रबरी बेडूक लावलेला गळ त्या पुंजक्यावरून ओढला आणि दुसऱ्याच फेकीला काठी वाकली. चांगली दीड-दोन किलोची मरळ. फोटो झाले, वजन झाले, मोजमाप झाले. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून दहा मिनिटांनी सोडली तरी ती धडपणे पाण्यात गेली. मी समाधानाने पाण्याकडे पाहिले. पुंजका फुटला होता आणि खालून दुसरे मासे एकेक करून ते ठिपके टिपत होते.

ते ठिपके म्हणजे तिची पिल्ले होती. मरळीचे आई-बाप पिल्लांच्या थव्याखाली राहून राखण करतात. जवळून जे जाईल त्यावर ते झडप घालतात. माझ्या बेडकावर ती भुकेने धावलीच नव्हती. ती राखण करीत होती. आणि तिच्या त्याच गुणाचा मी गळ केला होता.

त्या रात्री मला सोडून देण्याचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला. मी मासा सोडला होता, पण त्याची ती दहा मिनिटे त्याला परत दिली नव्हती. जे बिघडायचे ते त्यातच बिघडले होते.

माशाला वेदना होते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ट्राउट माशांच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा ओळखणारे ग्राहक दाखवले. ओठात मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचले की ते मासे खाणे टाळत, काही तर ओठ खड्यांवर घासत. याला वेदना म्हणू नये, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. पण स्वित्झर्लंडने 2008 च्या नियमांत परत सोडण्याच्या इराद्याने मासे पकडण्यालाच मनाई केली. हे वाचून मी थबकलो. खाण्यासाठी पकडायला परवानगी आणि दया दाखवण्यासाठी पकडायला बंदी! वरवर उलटे वाटते. विचार केला की सरळ दिसते. भुकेपोटी दिलेल्या त्रासाला निदान एक कारण असते. निव्वळ दया दाखवता यावी म्हणून आधी त्रास द्यायचा, ही दया कसली?

बादशहा जहांगीर रोहूचा मोठा शौकीन. त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की एकदा त्याने स्वतः जाळे फेकले, दहा-बारा मासे धरले, त्यांच्या नाकात मोती ओवले आणि त्यांना पाण्यात सोडून दिले. लहानपणी हे ऐकले तेव्हा मला त्यात बादशाही दिलदारपणा दिसला होता. आता वाटते, मासा मोत्याचे काय करणार? मोती बादशहासाठीच होता. माझ्या मोबाइलमधला फोटो हा माझा मोती.

आपल्याकडे बकरा हलाल करताना सुरी चालवण्याआधी अल्लाहचे नाव घ्यावे लागते. मला त्यात नेहमी वाटत आले आहे की हाताला क्षणभर थांबवण्याची ती सोय आहे. कुणाच्या परवानगीने हा जीव घेतो आहेस, ते आठव. माशाला जिबह लागत नाही. सवलत मोठी आहे, पण त्यामुळे थांबण्याचा तो क्षणही हातून निसटतो. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करू नये, ही पैगंबरसाहेबांची ताकीद आपण बाणापुरती आणि बंदुकीपुरती समजतो. गळालाही टोक असते, हे विसरतो.

याची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. गळ घेऊन बसणारा माणूस पाण्याकडे लक्ष ठेवतो. तलावात सांडपाणी शिरले, उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड वासू लागले, की ते आधी त्यालाच दिसते. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरचे बीज तयार करून सोडले, त्या माशाचे मोल देशभर ओळखणाऱ्यांत गळवालेही होते. हे सगळे खरे. पण प्रेमाने पाहणे वेगळे आणि पाहण्यासाठी ओढून बाहेर काढणे वेगळे. पहिल्यासाठी काठी लागत नाही.

मी छंद पुरता सोडला असे म्हणालो तर ते खोटे होईल. आता वर्षातून चार-सहा वेळा जातो. आधी संस्थेच्या माणसाला विचारतो, पैसे देतो, घरी जेवढे खाऊ तेवढेच धरतो आणि मग काठी गुंडाळतो. पावसाळ्यात मरळीच्या वाटेला जात नाही. चुकून लहान मासा लागलाच तर हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवतो. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे रोगापासून रक्षण करतो. त्या सोडण्याला मी पुण्य समजत नाही. चूक आवरती घेणे एवढेच ते आहे.

तो मुलगा आता आठवीत गेला आहे. परवा जुम्मा तलावाच्या कठड्याशी भेटला, हातात तीच बांबूची काडी. मी म्हणालो, "बेटा, तुझ्या सवालाचा जवाब द्यायचा राहिला होता. सोडून देण्याचा सवाब मागण्याआधी, पकडला कशासाठी होतास ते सांगावे लागेल." तो थोडा वेळ बोयाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "घर में अम्मी पकाती सर, बडी मिली तो."

मी म्हणालो, "मग बस निवांत."